उघडलेल्या इंजिनाचा पंचनामा

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील ज्या गृहस्थांनी, मिस्त्रीच्या मजुरीवर केवळ तात्त्विक कारणास्तव बहिष्कार घालून, आपल्या मोटारसायकलीचे इंजिन स्वतःच्या पडवीत, स्वतःच्या हाताने आणि शेजाऱ्याच्या पान्यांनी उघडले, रिंगा बदलल्या, हेडचे पॅकिंग नवे घातले, सारे बोल्ट आवळून समाधानाने हात धुतले, आणि ज्यांची गाडी त्यानंतर किक मारमारून पोटरीत गोळे आले तरी हूं की चूं करीत नाही, अशा सर्व सज्जनांच्या माहितीसाठी व योग्य त्या तजविजीसाठी पुढील कलमे लिहून काढली आहेत.

या विषयाची निकड दोन्ही तालुक्यांत सारखी नाही, हे आरंभीच नमूद केले पाहिजे. शहापूरकराची गाडी रुसली, तर तो आसनगाव, आटगाव, खर्डी वा कसारा यांपैकी जवळच्या स्थानकापर्यंत कोणाच्या तरी मागे बसून जातो आणि उरलेला प्रवास मध्य रेल्वेच्या हवाली करतो. मुरबाडकराला मात्र लोकल गाठायची तर आधी कल्याण नाहीतर बदलापूर गाठावे लागते. आणि धसईच्या किंवा टोकावड्याच्या पुढच्या पाड्यावर राहणाऱ्याचे दूध, बियाणे, शाळेत जाणारे पोर आणि दवाखान्यात न्यायची म्हातारी ही सारी एकाच सीटवर अवलंबून असल्यामुळे, तेथे बंद पडलेली दुचाकी ही खाजगी अडचण न राहता कुटुंबाचे दप्तर ठप्प करणारी घटना ठरते.

विवेचनाच्या सोयीसाठी येथे १९९४ साली बाजारात आलेल्या स्प्लेंडरची जुनी, कार्बोरेटरवाली, ९७.२ घनसेंटिमीटरची, एका सिलिंडरची व चार स्ट्रोकची गाडी गृहीत धरली आहे. २०२० नंतरची, इंधन मोजून फवारणारी गाडी ज्यांनी घरी उघडली असेल, त्यांच्या धैर्यास वंदन करून त्यांना या नियमांतून वगळण्यात येत आहे.

कलम १ : पंचांविषयी

उघडलेल्या गाडीभोवती माणसे जमू नयेत अशी इच्छा धरणे व्यर्थ आहे. सबब त्यांस पंच समजून त्यांची जबानी शांतपणे ऐकून घ्यावी, परंतु तिच्यावर अंमल करू नये. एसटीतून निवृत्त झालेले काका येतील आणि लांबूनच म्हणतील, "बॅटरी उतरली रे बाबा." किकवर चालणाऱ्या जुन्या गाडीत ठिणगीला बॅटरी लागत नाही, हे त्यांस सांगण्यात अर्थ नाही, कारण त्यांची हयात बॅटरीच्या गाडीवर गेली आहे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून आलेला तरुण डोळे चोळीत "सीडीआय गेला, दादा, दुसरं काय नाय," असा निर्णय देईल. तिसरे एक आबा, ज्यांनी म्हशाच्या जत्रेत पौषातल्या थंडीत दात पाहून बैल घेतले आणि कधी फसले नाहीत, ते गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून पेट्रोलच्या पंपाला दोष देतील.

या तिन्ही जबान्यांत एक साम्य आहे, आणि तेच त्यांच्या निरुपयोगाचे कारण आहे: तिघांचाही संशय अशा भागावर आहे ज्याला मालकाने हात लावलेला नाही. मालकाला ते फार आवडते. परंतु काल संध्याकाळपर्यंत जो भाग इमानेइतबारे काम करीत होता आणि ज्याला रात्री कोणी बोट लावले नाही, तो सकाळी एकाएकी बेइमान होण्याचा संभव अत्यल्प असतो. म्हणून या तपासाचे मूळ सूत्र असे, की संशयितांची यादी पान्याच्या मार्गाने करावी: ज्याला सर्वांत शेवटी हात लागला, त्याची चौकशी सर्वांत आधी.

कलम २ : मुद्देमालाविषयी

ज्या गोणपाटावर किंवा ताटलीत सुटे भाग ठेवले होते ती जागा पुन्हा एकवार बारकाईने पाहावी. तेथे एखादा वॉशर, एखादी रबरी रिंग किंवा हेड आणि ब्लॉक यांना नेमक्या जागी धरून ठेवणारी नळीसारखी छोटी पिन शिल्लक आढळल्यास, "याच्यावाचूनही बसलं की," या वाक्याने प्रकरण निकालात काढू नये. कारखानदार दानधर्म म्हणून जास्तीचे भाग घालीत नाहीत. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामधली रबरी रिंग राहून गेली, तर त्या फटीतून इंजिन नुसता वारा ओढते. पेट्रोलचे प्रमाण बिघडते आणि गाडी पेटत नाही, किंवा पेटून लगेच मरते.

कलम ३ : पुरवठ्याविषयी

टाकीत पेट्रोल आहे, एवढ्यावरून ते इंजिनात पोहोचते असे अनुमान काढणे अन्य तालुक्यांतल्या माणसाला एक वेळ क्षम्य आहे, शहापूरकराला नाही. तानसा तलाव १८९२ पासून आणि नंतर भातसाही ज्याच्या शिवारातून मुंबईची तहान भागवीत आले, आणि तरीही ज्याच्या पाड्यांवर चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहिली जाते, त्याने साठा आणि पुरवठा यांतला भेद कोणाकडून शिकावा? तेव्हा टाकी हलवून आवाज ऐकत बसण्यापेक्षा, इंजिन उघडताना बंद केलेला कॉक पुन्हा उघडला आहे काय ते पाहावे, आणि कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून पेट्रोलची धार प्रत्यक्ष उतरते की नाही याची खात्री करून घ्यावी.

धार उतरली तरी ती बाटलीच्या पारदर्शक झाकणात धरून निरखावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतली ओल शोषून घेते, आणि सह्याद्रीच्या या पायथ्याला आषाढ-श्रावणात ओलीचा तुटवडा कधीच पडत नाही. रिंगांची वाट पाहत आठवडाभर उघड्या पडलेल्या गाडीच्या कार्बोरेटरच्या तळाशी पाण्याचा थेंब मण्यासारखा वेगळा दिसला, तर आरोपी सापडला असे समजून तळ पुसून काढावा.

कलम ४ : ठिणगीविषयी

वीसपंचवीस किका मारल्यावर प्लग काढून त्याचे तोंड पाहावे. प्लग खोटी साक्ष देत नाही. तो कोरडा असेल तर तिसरे कलम पुन्हा वाचावे. तो पेट्रोलने भिजलेला असेल, तर पेट्रोल येते पण पेटत नाही, असा अर्थ घ्यावा. मग प्लग पुसून, त्याच्या टोकातली फट ०.६ ते ०.७ मिलिमीटर आहे याची रुजुवात करून, टोपीत अडकवून इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवावा आणि सावलीत किक मारून निळी ठिणगी पडते का ते पाहावे. हे करताना पेट्रोलची बाटली, फडके आणि विडी ओढणारे पंच या तिन्हींस हाताच्या अंतरापलीकडे ठेवावे. ठिणगी न दिसल्यास कॉइल विकत आणण्यापूर्वी, मॅग्नेटचे झाकण लावताना त्याखाली चेंगरलेली वायर आणि अर्धवट बसलेले कनेक्टर पाहावेत. नवी कॉइल मुरबाडात मिळते; चेंगरलेली वायर पडवीतच असते.

कलम ५ : दाबाविषयी

पेट्रोल आहे आणि ठिणगीही आहे, तर उरतो दाब. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट धरून दुसऱ्याला किक मारायला सांगावे; दाब चांगला असेल तर अंगठा फटकन उडतो. तो उडत नसेल आणि किकही पोकळ लागत असेल, तर मालकाने आपण काय काय केले याची उजळणी मनात न करता कागदावर करावी. नव्या रिंगांची तोंडे एका रेषेत आली असली, तर हवा त्या वाटेने निसटते. ती एकमेकींपासून दूर, वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवायची असतात. पिस्टनवरची इन ही खूण कार्बोरेटरच्या बाजूस हवी. हेडचे बोल्ट एका कडेने ओळीने न आवळता आडवे-तिडवे, थोडथोडे आवळायचे असतात. आणि टॅपिट फार घट्ट राहिल्यास वॉल्व पूर्ण मिटत नाही; मग आतला दाब घरच्या वाटा शोधत बाहेर पडतो.

कलम ६ : वेळेविषयी

तपासाचा खरा कस येथे लागतो, म्हणून येथे थोडे थांबावे. चार स्ट्रोकच्या इंजिनात मुख्य दांडा दोन फेरे फिरतो तेव्हा वॉल्व उघडणारा कॅम एकच फिरतो, आणि या दोघांचा मेळ एका बारीक साखळीने घातलेला असतो. हेड उतरवताना ती साखळी सोडावी लागते. चढवताना ती एक दात जरी चुकली, तरी वॉल्व भलत्याच वेळी उघडतात आणि गाडी सुरू होण्याऐवजी कार्बोरेटरमधून खोकते किंवा किक उलटी मारते.

मॅग्नेटवर टी आणि एफ अशा दोन खुणा अगदी शेजारी असतात. टी म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची खूण. एफ म्हणजे ठिणगीची, त्याच्या थोडी अलीकडची. कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात, तेलकट बोटांनी, ही दोन अक्षरे एकमेकांच्या नावाने हजेरी लावतात, आणि मालक एफवर साखळी चढवून निश्चिंत होतो. म्हणून झाकण पुन्हा काढावे, टी खुणेवर रेषा जुळवावी आणि त्या वेळी कॅमच्या चक्रावरची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर येते की नाही ते पाहावे. मेळ बसला तरी लगेच किक मारू नये. मॅग्नेटच्या नटाला पाना लावून घड्याळाच्या उलट दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावेत; मध्ये कोठे धातूला धातू अडल्यासारखे वाटले, तर जोर न करता थांबावे. वॉल्व आणि पिस्टन यांची गाठ पडू देणे ही दुरुस्ती नव्हे, फौजदारी आहे.

कलम ७ : धक्क्याविषयी

दाब आणि वेळ यांची खात्री पटल्यावरच धक्क्याचा विचार करावा. धक्का मारण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. १८६५ साली खुल्या झालेल्या कसारा घाटात १ ला ३७ अशा चढणीवर आगगाड्यांना आजही मागून जास्तीची इंजिने लावून ढकलावे लागते, आणि त्यामुळे मध्य रेल्वेची अब्रू गेल्याचे कोणी ऐकले नाही. दुसऱ्या गिअरात, क्लच धरून, सपाट रस्त्यावर दोघांनी ढकलावे आणि वेग आल्यावर क्लच सोडावा. उतार हवा म्हणून गाडी माळशेजला नेऊ नये. सुरू न झालेली गाडी तेथे सुरू होईलच याची हमी नाही, थांबेल याची तर मुळीच नाही.

कलम ८ : अखेरच्या तजविजीविषयी

वरील सर्व कलमांनंतरही गाडी मौन सोडीत नसेल, तर ती टेम्पोत घालून शहापूर, सरळगाव किंवा मुरबाड येथल्या मिस्त्रीकडे न्यावी. तो गाडीकडे न पाहता पहिला प्रश्न विचारील: "कोणी उघडली होती?" या प्रश्नाला "माहीत नाही", "मेहुण्याने" किंवा "अशीच बंद पडली" ही उत्तरे या भागात फार प्रचलित आहेत, आणि त्या प्रत्येक उत्तरापोटी मिस्त्रीला सारी गाडी आरंभापासून तपासावी लागते. पान्याच्या मार्गाने संशयितांची जी यादी आपण केली होती, ती त्याच्या हाती द्यावी आणि स्वच्छ सांगावे की इंजिन मीच उघडले, साखळी मीच चढवली आणि शेवटचा हात येथे लावला. एवढ्याने त्याचा निम्मा तपास वाचतो आणि आपली निम्मी मजुरीही.