चौथ्या सीटचे अर्थशास्त्र

सूक्ष्म अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात जो ग्राहक वास करतो त्याच्याइतका शांतचित्त आणि स्वतःच्या आवडीनिवडींविषयी निःशंक असा मनुष्य मी वसई तालुक्यात पाहिलेला नाही, आणि उमेळ्यापासून अर्नाळ्यापर्यंत पसरलेल्या आमच्या गणगोतात तर तो निपजण्याचा संभवच नाही. जगात असतील नसतील त्या वस्तूंच्या जोड्या त्याच्यापुढे मांडाव्यात, आणि त्याने क्षणाचाही विलंब न लावता अमुक जोडी तमुक जोडीहून सरस, अथवा दोन्ही सारख्याच, असा निवाडा द्यावा. त्या निवाड्यांत परस्परविरोध नसावा. आणि अधिक मिळत असेल तर कधीही नको म्हणू नये, एवढ्या तीन शर्तींवर त्याला पाठ्यपुस्तकात कायमचे वास्तव्य मंजूर झालेले असते. आमची माणसे तिसऱ्या शर्तीलाच बाद होतात. कारण अधिक वाढले जात असताना पानावर आडवा हात धरून ‘नको, नको’ म्हणणे, आणि ते ऐकून वाढपी खरोखरच पुढे गेला तर जन्मभर त्याचा राग धरणे, हा आमच्या पंगतीचा शिरस्ता आहे, आणि हा राग कोणत्या अक्षावर मांडावा याचा खुलासा कोणत्याही ग्रंथात नाही.

या इसमाशी माझी रीतसर ओळख मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात झाली. प्रा. चंदुलाल वकील यांच्यासारख्यांनी ज्याला नावलौकिक मिळवून दिला तो हा विभाग सांताक्रूझच्या विद्यानगरीत आहे, आणि विरारची जलद गाडी सांताक्रूझला थांबण्याचे सौजन्य दाखवीत नसल्यामुळे अंधेरीस उतरून धीमी गाडी धरणे प्राप्त होते. परिणामी माझे अध्ययन बहुतांशी वसई आणि अंधेरी यांच्या दरम्यान, एका हाती कडी आणि दुसऱ्या हाती हॅल व्हेरियन यांचा ग्रंथ, अशा अवस्थेत पार पडले. या ग्रंथाची पहिली आवृत्ती 1987 सालची. माझ्या वाट्याला आलेली आवृत्ती त्यामानाने बरीच प्रौढ आणि देहाने पुष्ट होती, याची साक्ष माझे डावे मनगट देईल.

समवृत्ती वक्र शिकविताना आमचे प्राध्यापक सफरचंद आणि संत्रे यांची उदाहरणे देत. सफरचंद आमच्याकडे पिकत नाही आणि संत्रे नागपूरहून येते, तेव्हा ज्यांच्याविषयी मनुष्याला खरोखर आस्था असते अशा दोन वस्तू घ्याव्यात म्हणून मी राजेळी केळे आणि सुकेळे यांची निवड केली, व आगाशीस माझी एक मावशी राहते तिला विचारले, की एक सुकेळे जास्त मिळावे म्हणून तू किती केळ्यांवर पाणी सोडशील? मावशी केळी सोलून उन्हात वाळत घालीत होती. मान वर न करता ती म्हणाली, “अरे, सुकेळं काय वेगळ्या झाडाला लागतं? ह्याच केळ्याचं होतं ते. आज खायचं का थांबायचं, एवढंच काय ते ठरवायचं.” हा भाग अभ्यासक्रमात पुढच्या सत्रात होता.

त्यानंतर स्लुत्स्की आला. किंमत वाढली की मागणी का घटते, याची त्याने दोन भागांत फोड केली. वसई गावातल्या होळी बाजारात पापलेट महागले म्हणून टोपलीतल्या मांदेलीकडे वळणे हा पर्यायता परिणाम, आणि पापलेट महागल्यामुळे आपण एकंदरीतच दरिद्री झालो अशी जाणीव होऊन मांदेलीदेखील अर्धाच वाटा घेणे हा उत्पन्न परिणाम. या गृहस्थाने जातीने रशियन असून हा लेख इटालियन भाषेत लिहिला, आणि तोही 1915 साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, प्रसिद्ध केला. अर्थातच 1934 साली हिक्स आणि ॲलन यांनी तेच सूत्र स्वतंत्रपणे मांडीपर्यंत इंग्रज विद्वानांना त्याची गंधवार्ताही नव्हती. सुमारे वीस वर्षांचा हा विलंब आहे. पश्चिम रेल्वेवर पावसाळ्यातसुद्धा इतका होत नाही.

द्वयाधिकाराचे प्रकरण मात्र आमच्या सोसायटीतच घडत असल्यासारखे वाटे. कूर्नो नावाच्या फ्रेंच पंडिताने 1838 साली खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांचे दोन मालक कल्पिले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याचा पुरवठा गृहीत धरून आपला किती ठेवावा हे ठरवितो, असा हिशेब मांडला. त्यावर 1883 साली बर्ट्रांने असा आक्षेप घेतला, की हे दोघे एकमेकांची गिऱ्हाइके पळविण्यासाठी भाव पाडीत जातील आणि शेवटी त्यांच्या हाती खर्चापलीकडे काही उरणार नाही. बर्ट्रां मोठा गणिती होता. परंतु मे महिन्याच्या उत्तरार्धात वसई-विरारमध्ये टँकर मागविण्याची पाळी त्याच्यावर आली असती, तर दोन टँकरवाल्यांमध्ये बंधुभाव किती उत्कट असू शकतो, याचा साक्षात्कार त्याला फोनवरच झाला असता.

परंतु ज्या एका वस्तूने माझे सर्व सूक्ष्म अर्थशास्त्र व्यापून टाकले तिला किंमत नव्हती. ती वस्तू म्हणजे सकाळच्या विरार लोकलमधील बसण्याची जागा. दुसऱ्या वर्गाचे बाक तिघांसाठी केलेले असते; त्यावर चौथा बसतो, म्हणजे त्याचा एक अर्धा भाग बसतो आणि उरलेला अर्धा बोरिवलीपर्यंत पायाच्या स्नायूंवर तोललेला असतो. पाठ्यपुस्तकाप्रमाणे खिडकीपासून चौथ्या सीटपर्यंत उपयोगिता क्रमाक्रमाने घटत यावयास हवी. पण नायगाव सोडून गाडी खाडीच्या पुलावर आली, की उभ्या असलेल्यांच्या मुद्रेवरून चौथ्या सीटची जी उपयोगिता व्यक्त होते ती खिडकीवाल्याने स्वप्नातही अनुभवलेली नसते. रेल्वे या जागेसाठी वेगळा पैसा घेत नाही. जेथे किंमत नाही तेथे बाजार नाही, असे मानणाऱ्याने “कुठे?” हा एकाक्षरी वाटावा असा प्रश्न ऐकावा. बसलेल्याने “अंधेरी” म्हणताच तो सौदा पुरा होतो. अंधेरीपुढची मालकी विचारणाऱ्याच्या नावे रुजू होते, कागद नाही, दस्तऐवज नाही, साक्षीदार मात्र सगळा डबा. आणि या वहिवाटीत दुसऱ्याने घुसण्याचा यत्न केला तर भजनी मंडळदेखील टाळ थांबवून न्यायनिवाडा करते.

आणि किंमत नसलेली वस्तू फुकट पडते असेही नाही. गाडी विरारहून सुटते. म्हणून वसईचा आणि नालासोपाऱ्याचा शहाणा मनुष्य दादरला जाण्यासाठी प्रथम उलट्या दिशेने विरारला जातो, आणि तीच गाडी परत फिरेपर्यंत मिळविलेल्या जागेवर मूर्तीसारखा बसून राहतो. याला ‘डाऊन करणे’ म्हणतात. त्यासाठी तो पहाटेची झोप मोडतो, आणि तिकीट तपासनिसाचे भय असल्यामुळे राहावयास वसईला असूनही पास विरारपर्यंतचा काढतो. गॉर्डन टुलॉक यांनी 1967 साली दाखवून दिले, की आयता लाभ मिळविण्याच्या धडपडीत माणसे जवळजवळ त्या लाभाइतकीच संपत्ती उधळतात. हे ज्याला समीकरणावाचून पाहावयाचे असेल त्याने सकाळी सातच्या सुमारास विरारच्या फलाटावर उभे राहावे. रिकामी म्हणून येणारी गाडी भरलेलीच येते, आणि विरारकर तिच्यात चालत्यातच उड्या घेतात. त्यांना बिचाऱ्यांना डाऊन करावयास स्थळ नाही. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत धावू लागल्या खऱ्या, तरी विरारच्या गाडीत जागा मिळावी म्हणून वैतरण्याला जाऊन येण्याची बुद्धी अद्याप कोणास झालेली नाही.

वर्षअखेरच्या तोंडी परीक्षेत बाह्य परीक्षकांनी मला विचारले, दुर्मीळ असूनही जिची किंमत शून्य आहे अशी एखादी वस्तू सांगा. मी लोकलमधील सीटचे उदाहरण दिले, आणि डाऊन करण्याची पद्धत, झोपेचा सीमांत त्याग, विरारचा पास वगैरे सर्व बारकाव्यांसह तिचा समतोल विशद केला. परीक्षकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुम्ही राहता कुठे?”

“वसईला, सर.”

“आणि चढता?”

“वसईलाच. पण आधी... म्हणजे, डाऊनला.”

“मी विरारला राहतो,” ते म्हणाले. “गेली कित्येक वर्षं उभा येतो आहे.” मग हातातल्या गुणपत्रिकेकडे पाहत, किंचित थांबून, त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: “हं. आता बाह्य परिणाम म्हणजे काय, ते सांगा. उदाहरण नको.”