कंपाउंडपल्याडची रेल्वे

(स्थळ : कोल्हापूर. दोन घरांमधलं छातीभर उंचीचं कंपाउंड. वेळ : कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली.)

"काकू, वाटीभर बेसन हाय काय वो?"

"हाय की, देतो. खरं वैनी, काल रात्री तुमच्या माडीवर दिवं कसलं लागत-विझत हुतं? वायरिंग गेलं काय?"

"वायरिंग कुटलं? रेल्वे हाय ती! गणपतीच्या देखाव्याला आमच्या ह्यांनी मिरज-कोल्हापूर लाइन करायला घेतलीय. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम हाय न्हवं, १९९८ ला सुरू झालेलं? ते बगून आल्यापासनं डोस्क्यात दुसरं काय न्हाईच. तिथं सिग्नल हायत, उड्डाणपूल हाय, सर्कस बी हाय म्हणं."

"मग तुमच्यात काय काय हाय?"

"आपलं स्टेशन, रुकडीचा पूल, पंचगंगा. १८८८ ला शाहू महाराजांच्या हातनं पायाभरणी झाली, तवा महाराज चौदाव्या वर्षात, आणि १८९१ ला गाडी सुरू झाली, असा बोर्ड बी लिवलाय. खरं सगळा जीव त्या दिव्यांत. पैल्यांदा स्टेशनात बल्ब लावला तर खिडक्या ऱ्हायल्या बाजूला, पुठ्ठ्याच्या भिंतीतनंच उजेड बाहेर! मग आतनं काळा रंग मारला. तरीबी लग्नाचा हॉल वाटायला लागला. मी म्हटलो, अवो, रात्री कुणाच्या घरात सगळ्या खोल्यांत दिवं असत्यात काय? तवा कुटं आत पुठ्ठ्याच्या खोल्या पाडल्या. तिकीटघरात उजेड, मास्तरांच्या खोलीत मंद, गोदामात अंधार."

"मंद कसा करत्यात?"

"रेझिस्टर बदलत्यात. बारा व्होल्टला चारशेसत्तर ओहमचा लावला की एलईडी डोळ्यांत घुसतोय. दोन हजाराच्या आसपासचा लावला की जुन्या दिव्यागत मंद उजेड पडतोय. हे रोजच ऐकून मला बी पाठ झालंय. सैपाकघरातली ट्यूब गेलीया महिनाभर, ती तेवढी कोण बदलत न्हाई!"

"आमचं मालक परवा तुमच्याकडं आलं हुतं ते ह्यासाठीच व्हय! चाळीस वर्सं रुळावर काढली, गँगमन, मग कीमन, मग मेट. घरी येऊन म्हणालं, दिवं झकास हायत, खरं ह्या रुळावरनं मी मालगाडी सोडणार न्हाई."

"आमास्नी बी तेच सांगून गेलं की! खिशातनं पट्टी काढली आणि दोन रुळांतलं अंतर मोजलं. साडेसोळा मिलीमीटर. म्हणालं, खरी ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर. तुमचं सगळं सत्त्याऐंशी पटीनं बारीक, मग सव्वाएकोणीस पायजे. ह्यांनी सांगितलं, ह्या गाड्या परदेशातल्या १४३५ मिलीमीटरच्या रुळाच्या मापानं निघत्यात. काका म्हणालं, कोल्हापूरची लाइन १९७१ पतोर मीटरगेज हुती, ती करा. तिला साडेअकरा मिलीमीटर लागतंय. म्हंजे तसं बी बसत न्हाई आणि असं बी न्हाई!"

"आणि गाडी रुळावरनं पडती म्हणं, ती कुटं?"

"पुलाच्या तोंडाशी, दर खेपंला. ह्यांनी इंजिनच उघडलं. काकांनी वाकून रुळाला डोळा लावला आणि म्हणालं, जॉइंट खाली बसलाय, पॅकिंग करा. लग्नपत्रिकेचा तुकडा कापून खाली सरकवला. इंजिन गेलं की सुळकन!"

"जल्मभर तेच केलंय न्हवं. गाडी गेली की खडी हलती, स्लीपर खाली बसतोय. पैला बीटर हाणून खडी आत ठोकायची, उन्हात हाताला फोड. आता पिवळं टॅम्पिंग मशीन येतंय. गाड्या थांबवून ब्लॉक घेत्यात, मशीन रूळ धरून उचलतंय, सरळ करतंय, आणि लोखंडी दातं खडीत घालून सेकंदाला पस्तीस हिसक्यांनी ती स्लीपरखाली दाबतंय. माणसांचं दिवसाचं काम घटकेत."

"मग गँग लागतच न्हाई?"

"लागती की! मशीन बोलवल्यावर येतंय. कीमन रोज चालतोय. जाताना एक रूळ बगायचा, येताना दुसरा. हातोडा, पाना, लाल बावटा आणि फटाकं. रूळ तुटलेला घावला की १२०० मीटर लांब पळायचं आणि येणाऱ्या गाडीला इशारा म्हणून दहा-दहा मीटरवर तीन फटाकं रुळाला बांधायचं. पावसात हे गेलं की घरी येईपतोर मला घास गिळायचा न्हाई."

"१२०० मीटर! काकांनी सांगितल्यावर ह्यांनी ते बी सत्त्याऐंशीनं भागून बघितलं. चौदा मीटर हुत्यात. म्हंजे आमच्या माडीवर रूळ तुटला तर फटाकं तुमच्या परसात बांधायला लागतील!"

"बांधा की, खरं धुणं वाळत घातलेलं बगून बांधा. आणि काय वो, देखाव्यात माणसं केल्यात न्हवं? गँगमन केलाय?"

"हमाल हाय, मास्तर हायत, चहावाला हाय, टोपी घातलेला प्रवासी हाय. गँगमन... न्हाई बगा."

"बगा म्हंजे! सगळ्यास्नी दिवा, आणि ज्याच्यामुळं गाडी हुबी हाय त्यो गावातच न्हाई. साडेपाच फुटाचा माणूस तुमच्यात केवढा हुतोय?"

"दोन सेंटिमीटर."

"मग दोन सेंटिमीटर जागा करा की. हातात लाल बावटा द्या. त्याला दिवा नसला तरी चालतंय, खरं रुळाजवळ उभा करा. फलाटावर न्हवं."

"आजच सांगतो. तिसरी शिट्टी झाली वाटतं, जातो."

"बेसन घ्या की आदी! आणि हे बगा, आरतीला येणाऱ्याला पैला रूळ दाखवा, मग दिवं. दिव्याला समदं जग छान म्हणतंय, रुळाकडं बगणारा एक तरी माणूस तयार करा."