ओळखीचे एक गृहस्थ

परदेशातून काही मागवायचा विचार आमच्या सोसायटीत कुणाच्या मनात आला, की त्याचा वास पहिल्यांदा नानांना लागतो. मग ती चौथ्या मजल्यावरच्या पोराच्या सायकलीची चेन का असेना. नाना बरोबर चहाच्या वेळी येतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "मागवा की! मी कशाला नको म्हणू? फक्त आमच्या ओळखीचे एक गृहस्थ होते..."

हे गृहस्थ कोण, ते आमच्या वॉचमनलाही ठाऊक आहे. सांगलीच्या पेठेत नानांचं भांड्यांचं दुकान. काही वर्षांपूर्वी त्यांनी मोदकाचे सिलिकॉनचे साचे थेट चीनहून मागवले. उभ्या आयुष्यात आयात केली ती एवढी एकच, पण नानांच्या बोलण्यातून तो माल अजून उतरतोच आहे.

तर त्या गृहस्थांनी काय करावं? उकडीच्या मोदकाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'असा पाहिजे.' दोन मिनिटांत उत्तर आलं, 'येस सर, नो प्रॉब्लेम.' इथे नाना थांबतात, बशीतला चहा संपवतात आणि बोट वर करतात. "पहिल्याच दिवशी जो नो प्रॉब्लेम म्हणतो ना, त्याचे सगळे प्रॉब्लेम आपल्या वाट्याला येतात!"

फोटोत मोदकाशेजारी ना पट्टी होती, ना वाटी. मोदक केवढा असतो हे त्या कारखानदाराला कळावं कसं? त्याने केला सुपारीएवढा. कळ्या मात्र फोटोतून मोजून घेतलेल्या, एकवीसच्या एकवीस.

भाव एफओबी होता. गृहस्थांना वाटलं, ही काहीतरी सवलत असावी. तिचा अर्थ त्यांना नंतर समजला. माल तिकडच्या बंदरात जहाजावर चढला की विकणारा हात झटकून मोकळा. समुद्राचं भाडं, विमा, इकडची हमाली, सगळं घेणाऱ्याच्या बोडक्यावर. अख्खा कंटेनर भरण्याएवढे साचे काही नव्हते, म्हणून शेअर रिक्षात बसावं तसे ते चार परक्यांच्या मालाबरोबर निघाले. त्यातल्या एकाचे कागद अडकले आणि अख्खी रिक्षा न्हावा शेवा बंदरात थांबली.

ती सुटते न सुटते तोच यांचे कागद अडकले. दुकानाचं नाव 'आणि सन्स', तर बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या पावतीवर, आलं 'आणि सन'. गृहस्थांना मुलगे दोन. ती एका अक्षराची दुरुस्ती होईपर्यंत घरातला धाकटा बापाशी बोलत नव्हता म्हणतात. मग साचा प्लॅस्टिकमध्ये धरायचा की रबरात, यावर खल झाला, कारण त्यावर शुल्क ठरणार. मग पाकिटांवर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता, छापील किंमत, मालाचा देश यांतलं काहीच नाही, म्हणून गोदामात बसून लेबलं चिकटवावी लागली. गोदामाचं भाडं दिवसागणिक चढत होतं. बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टमचा आयात-अर्ज, भरायला उशीर झाला, त्याचे पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० हा दंड वेगळाच. साचे सांगलीला पोचले तेव्हा अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले होते.

"मग त्या गृहस्थांनी काय केलं हो एवढ्या साच्यांचं?" नव्या भाडेकरूने एकदा भाबडेपणाने विचारलं. नाना छताकडे बघू लागले. दर संक्रांतीला नानी हळदीकुंकवाला वाण म्हणून काय लुटतात, ते त्या बिचाऱ्याला अजून माहीत नव्हतं. आमच्या घरात सहा आहेत. त्यांत बर्फ छान होतो.

तेव्हापासून नानांनी कानाला खडा लावला, आणि तो खडा इतरांच्या कानालाही लावत असतात. पुतणीच्या लग्नात आचाऱ्याने चवीला जिलबी पाठवली. नानांनी अर्धी खाल्ली, अर्धी पिशवीत घालून सील केली, वर तारीख घातली आणि आचाऱ्याची सही घेतली. "सॅम्पल मंजूर झालं की त्याचा जोड आपल्यापाशी ठेवावा. उद्या माल दुसराच आला तर पुढ्यात काय टाकणार?" लग्नाच्या दिवशी जोड जुळवायला काढला, तेव्हा मुंग्यांनी पंचनामा आधीच उरकला होता.

पुण्याच्या मुलाने नवं बँक खातं उघडून त्याचा नंबर कळवला, तर नानांनी त्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन कोपराची लहानपणीची खोक दाखवायला लावली. विक्रेत्याच्या नावाने 'आमचं खातं बदललं आहे, पैसे इकडे भरा' अशी ईमेल येते, लोक भरतात आणि विक्रेत्याला पत्ताच नसतो, हे त्यांनी ऐकलेलं. खातं बदललं म्हटलं की जुन्या नंबरावर फोन करून आवाज ओळखायचा, हा त्यांचा नियम. पोटचा पोरगा झाला म्हणून काय झालं?

नानींनी अमेरिकेतल्या लेकीला कुरडया पाठवायचं काढलं, तेव्हा नाना टेप घेऊन खोक्याला भिडले. "चाळीस बाय चाळीस बाय पन्नास. भागिले ५,०००. सोळा किलो!"

"अहो, चार किलो आहेत. मी स्वतः तोलल्यात."

"विमानात वजन नसतं गं, जागा असते. कुरियरवाला दोन्हींतलं जास्त धरतो."

"मग चुरून भरू?" नानींनी विचारलं. या तोडग्याला नानांपाशी उत्तर नव्हतं.

अशात खालच्या मजल्यावरच्या मृणालने विषय काढला. ती दागिने करते. तिला हिरोशिमाकडचे काचमणी हवे होते. तिथले मणी एकाच मापाचे, म्हणून विणकाम सरळ बसतं. दहा किलोंची पहिलीच ऑर्डर. नानांच्या चेहऱ्यावर असं काही तेज चढलं, की नानींनी आतून रक्तदाबाची गोळी आणून दिली.

पुढचे दोन महिने मृणालचं घर म्हणजे कस्टम हाऊस झालं. आयात-निर्यातीचा कोड काढला. घरबसल्या निघतो, फी ५०० रुपये, आणि नंबर आपल्या पॅनचाच. "मालाचा एचएस कोड आधी, माल नंतर," म्हणत नानांनी शुल्क ठरवणारा तो नंबर काढायला तिला ऑर्डरपूर्वीच कस्टम ब्रोकरकडे धाडलं. मग लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडला. "समज, भाडं-विमा धरून माल १०० रुपयांना पडला. शुल्क धर १० टक्के, झाले १०. त्या दहावर अधिभार १० टक्के, म्हणजे १. आता १११ वर १८ टक्के जीएसटी. शंभराची वस्तू १३१ला पडली, पोरी! जीएसटी तुझ्या नोंदणीवर वळता होईल, पण आधी खिशातून जातोच." भारत-जपान करार २०११ पासून लागू आहे, तेव्हा मालाच्या मूळ देशाचा दाखला मिळतो का, हेही तिला विचारायला लावलं. मण्यांचं माप मिलिमीटरमध्ये, रंग नावाने न लिहिता नंबराने. मोरपंखी म्हणजे नेमका कुठला, यावर आपल्याच घरात एकमत नसतं, असं त्यांचं म्हणणं.

मृणालच्या एका मैत्रिणीने सुचवलं, की पार्सलवर 'भेटवस्तू' लिहून घ्यावं, किंमत कमी दाखवावी. नाना ताडकन उठले. "दहा किलो मणी भेट देणारा जपानी कोण तुझा? मामा?"

पैसे भरले, पार्सल निघालं. नाना रात्री दोनला उठून ते कुठवर आलं बघायचे. कुरियरने मागितले ते कागद नावाच्या एकेका अक्षरासह आधीच तयार होते. आठव्या दिवशी दुपारी खोका दारात. नानांनी काटा आणला. दहा किलो म्हणजे दहा किलो. माप बरोबर, रंग बरोबर, सॅम्पलशी जोड तंतोतंत.

नाना खचले.

"काहीतरी राहिलंय," ते जिन्यात पुटपुटत होते. आठवडाभर पोस्टमन दिसला की विचारायचे, "मृणालला नोटीस आहे का?" नोटीस आली नाही. मणी विणले गेले, विकले गेले, दुसरी ऑर्डर गेली. नाना चहाला येईनासे झाले.

परवा मात्र चौथ्या मजल्यावरच्या पोराने इटलीहून कॉफीचं मशीन मागवायची गोष्ट काढली, आणि नाना हजर. चष्मा कपाळावर गेला. आम्ही ओळखीच्या गृहस्थांसाठी कान टवकारून बसलो.

"घाबरायचं कशाला?" नाना म्हणाले. "मागे मी जपानहून मणी मागवले. आठव्या दिवशी दारात."

"मणी मृणालने मागवले," नानी म्हणाल्या.

"तेच ते. मी आणि मृणालने."

"आणि साचे?"

नानांनी बशी शांतपणे खाली ठेवली. "ते त्या गृहस्थांचे."