‘एका दिवसात पक्के दात’वाल्या डॉक्टरांस

डॉक्टरसाहेब,

‘एका दिवसात पक्के दात, आयुष्यभराची हमी’ हा तुमचा फलक अजून झळकतो आहे. त्याच फलकाखालून माझी आत्या आत आली होती. कॅलेंडरच्या पानामागे तिने प्रश्न लिहून आणले होते: मला शुगर आहे, चालेल का? हाड पुरेल का? किती वर्षं टिकेल? दुखेल का? शेवटच्याला तुम्ही ‘अजिबात नाही’ म्हणालात आणि बाकी सगळ्यांना मिळून ‘काळजी करू नका’. आगाऊ रक्कम मात्र तुम्ही नेमकी सांगितलीत.

बसवताना दुखलं नाही, भूल दिली होती. पुढे हिरडी सुजली, पू आला, इम्प्लांटचा स्क्रू हलायला लागला. दुसऱ्या डॉक्टरांनी तो काढून इवल्याशा डबीत घालून तिच्या हातात दिला. त्यांचा पहिला प्रश्न होता, ‘मिश्री लावता का?’ आत्या लग्नाआधीपासून लावते. तिच्या हिरड्यांच्या काळ्या कडा तुमच्या दिव्याखाली लख्ख दिसत असणार. तरी तुम्ही विचारलं नाहीत. साखरेची एचबीए१सी तपासणी करून घ्या, असंही सांगितलं नाहीत. तंबाखू हिरडीला पोखरते आणि साखर आटोक्यात नसली की जखम भरत नाही, हे तुम्हाला कुणी शिकवायला हवं का?

स्वीडनचे संशोधक ब्रोनेमार्क यांना 1952 च्या सुमारास सशाच्या हाडात टायटॅनियम घट्ट रुजलेलं आढळलं. 1965 मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला इम्प्लांट बसवले, ते 40 वर्षं टिकले. तुम्ही हमी देता ती या पुण्याईवर. पण त्यांनी हाडाला वेळ दिला होता. स्क्रू हाडात रुजायला साधारण 3 ते 6 महिने लागतात. त्याच दिवशी दात बसवता येतो, पण निवडक रुग्णांत, हाड किती आणि कसं आहे ते पाहून. त्यासाठी सीबीसीटी स्कॅन असतो. आत्याचा तो काढलाच नव्हता. शिवाय स्क्रूच्या टायटॅनियमला कीड लागत नसली तरी भोवतीचं हाड झिजू शकतं, म्हणून रोजची सफाई आणि ठरावीक तपासणी जन्मभर करावी लागते. हे तिला तुमच्याकडे कुणीही सांगितलं नाही.

आत्याच्या मुलीला तर तुम्ही लग्नाआधी ‘स्माइल मेकओव्हर’ सुचवलात. दातांवर चिकटवलेले व्हिनीयर आवडले नाहीत तर काढून टाकू, म्हणालात. काढाल हो, पण त्यासाठी घासलेलं एनॅमल परत कुठून आणाल? ते पुन्हा वाढत नाही. तिचे दात निरोगी होते, फक्त किंचित पिवळसर. आधी नुसती सफाई करून पाहता आली असती. ती उठून आली, हे तिचं नशीब.

आता माझी मागणी. आत्याच्या केसपेपरची प्रत, स्क्रूच्या कंपनीचं नाव आणि त्याचा लॉट नंबर लेखी द्या. घेतलेले पैसे परत करा. आणि तो फलक उतरवा.