स्कोअर काय झाला, साहेब?

माहितीच्या अधिकाराखाली एक अर्ज टाकायचा विचार आहे. सोबत दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर. प्रति, जनमाहिती अधिकारी, आकाशवाणी. विषय : स्कोअर. ‘महोदय, आपल्या केंद्रावरून सध्या ज्या कसोटी सामन्याचं धावतं समालोचन चालू आहे, त्यात भारताच्या धावा किती झाल्या व गडी किती बाद झाले, ही माहिती मिळावी.’ कायद्याप्रमाणे उत्तर तीस दिवसांत यायला हवं. म्हणजे मालिका पाच कसोटींची असेल, तर ती संपायच्या आत पहिल्या कसोटीचा स्कोअर हातात पडेल. सध्याच्या मानाने हे बरंच जलद काम झालं.

अर्थात ‘सदर माहिती तिसऱ्या पक्षाशी संबंधित असल्याने देता येत नाही’ असंही उत्तर येऊ शकतं. तिसरा पक्ष म्हणजे क्रिकेट मंडळ, आणि माहितीचा अधिकार आम्हाला लागू नाही, असं ते वर्षानुवर्षं सांगत आलं आहे.

समालोचनात स्कोअर मिळत नाही यावर विश्वास बसत नसेल तर रेडिओ लावून बघा. आकाश निरभ्र आहे. मंद वारा वाहतो आहे. पलीकडचा स्टँड भरत चालला आहे. समालोचक सोबतच्या तज्ज्ञांना विचारतो, ‘आपल्याला काय वाटतं?’ तज्ज्ञ म्हणतात, या विकेटवर संयम हवा. फलंदाजाला की श्रोत्याला, याचा खुलासा होत नाही. मग अचानक एक चेंडू पडतो. ‘अतिशय सुंदर फटका, आणि चेंडू निघाला आहे सीमारेषेच्या दिशेने...’ आणि टाळ्या! चौकार गेला, चेंडू अडवला की झेल गेला? सामना कुठल्या गावात आहे ते आठवून टाळ्यांचा अर्थ आपणच लावायचा. तेवढ्यात माइक इंग्रजीकडून हिंदीकडे जातो. नवे समालोचक जुन्यांचे आभार मानतात, श्रोत्यांना नमस्कार करतात, तज्ज्ञांना वेगळा नमस्कार करतात. गडी बाद होतो तो नेमका या दोन नमस्कारांच्या मध्ये. चौकशी करायला जावं, तर बातम्यांची वेळ झालेली असते. बातम्यांत संसदेचं कामकाज येतं, पर्जन्यमान येतं आणि खेळाचं वृत्त अगदी शेवटी, वेळ उरला तर.

खरं तर आकाशवाणीला माणसं मिळाली ती एकेक नामांकित. बॉबी तल्यारखान दिवसभर एकट्याने बोलत. माइक दुसऱ्याच्या हाती द्यायला तयारच नसत. 1948-49 मध्ये वेस्ट इंडिजचा संघ आला तेव्हा समालोचकांचं पथक नेमायचं ठरलं आणि बॉबींनी माइकच सोडला. लोक याला त्यांचा अहंकार म्हणतात. मला तो प्रशासनाचा सूक्ष्म अभ्यास वाटतो. एकटा माणूस स्कोअर विसरून विसरून किती विसरेल? तिघे नेमले की प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने सांगितला असेल. आपल्याकडे फायली नेमक्या याच कारणाने अडकतात.

विजय मर्चंटांचं तर वेगळंच. जानेवारी 1960 मध्ये ब्रेबॉर्नवर एका तरुणीने मैदानात धावत जाऊन अब्बास अली बेगच्या गालाचा मुका घेतला. मर्चंट तेव्हा माइकवर होते. मी शतकं-द्विशतकं ठोकत होतो तेव्हा या मुली कुठे होत्या, अशी खंत त्यांनी थेट प्रक्षेपणातच व्यक्त केली. बेगच्या धावा किती झाल्या होत्या ते कुणाला आठवत नाही, मर्चंटांची खंत सगळ्यांना पाठ आहे. विजयानगरमचे महाराजकुमार विझी तर थेट वाघांच्या शिकारीतून समालोचनात आलेले. दंतकथा अशी की ते शिकारीच्या गोष्टी रंगवत असताना वेस्ट इंडिजचा फलंदाज रोहन कन्हाय म्हणाला, मला वाटलं तुम्ही जंगलात ट्रान्झिस्टरवर तुमचं समालोचन लावून ठेवत असाल आणि वाघ कंटाळून मरत असतील.

जसदेव सिंग यांची गोष्ट निराळी. 1975 च्या विश्वचषक हॉकीत, क्वालालंपूरला, चेंडू कुणाच्या स्टिकवर आहे हे ते श्वासागणिक सांगत होते. हॉकीत स्कोअर लपवायला फुरसतच नसते म्हणा! मराठीत बाळ ज. पंडित होते. स्वतः रणजी खेळलेला माणूस. कुठला क्षेत्ररक्षक कुठे उभा आहे ते असं सांगत की श्रोत्याने घरबसल्या फट शोधावी. या गृहस्थांना स्कोअर सांगायची वाईट खोड होती. तिची लागण पुढे फारशी झाली नाही.

अमेरिकेत रेड बार्बर नावाचे बेसबॉलचे समालोचक होते. ते समोर तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत, अंडी उकडताना वापरतात तसलं. वाळू खाली आली की स्कोअर सांगायचा आणि घड्याळ उलटायचं. आपल्याकडे हे जमणार नाही. वाळू म्हटलं की आधी लिलाव, मग तहसीलदार, मग रात्रीचे ट्रक. स्टुडिओत पोचेपर्यंत मालिका संपायची.

कायद्याची तर कमतरताच नाही. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला मिळालंच पाहिजे, असा कायदा 2007 मध्ये झाला. रेडिओच्या जाहिरातींचं उत्पन्न निम्मं-निम्मं वाटायचं, हेही त्यात लिहिलं आहे. श्रोत्याला स्कोअर कितपत द्यायचा, याबाबत कलम नाही. पुढे सप्टेंबर 2019 मध्ये क्रिकेट मंडळ आणि आकाशवाणी यांचा दोन वर्षांचा करार झाला. शुभारंभाचा सामना धरमशालेला, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध. पाऊस असा लागला की एकही चेंडू पडला नाही. समालोचनासाठी याहून आदर्श सामना होणे नाही : हवामान भरपूर आणि स्कोअरचा प्रश्नच नाही.

दूरचित्रवाणीवर आकडे कोपऱ्यात चोवीस तास चिकटलेले असतात, तिथला समालोचक जन्मभर गप्प राहिला तरी अडत नाही. रेडिओ ऐकतो तो एसटीचा ड्रायव्हर, रात्रपाळीचा वॉचमन, रानात पाणी धरणारा शेतकरी आणि दृष्टिहीन क्रिकेटवेडा. त्यांच्या कोपऱ्यात आकडे नसतात. तेव्हा समालोचक महोदय, षटक संपलं की आधी धावा सांगा, मग गडी. मंद वाऱ्याचं नंतर सांगा, घाई नाही.