चंदी चढलेला माणूस

‘फुल ऑफ बीन्स’ म्हणजे उत्साहानं सळसळणारा, एवढं सांगून इंग्रजीचे मास्तर फळा पुसतात. तामलवाडीच्या पोराला मात्र पुढची शंका यायलाच हवी. आश्विनात तिथल्या शिवारात सोयाबीन काढणीला आलेलं असतं आणि गावाजवळच्या रस्त्यानं कोजागरीसाठी सोलापूरहून पायी निघालेले भाविक तुळजापूरकडं चाललेले असतात. निम्मी वाट तुडवूनही ‘आई राजा उदो उदो’चा आवाज उतरत नाही. म्हणजे शेंगा रानात, उत्साह रस्त्यावर. दोघांचा संबंध काय? शिवाय हरभऱ्याची उसळ दाबून खाल्लेला माणूस सळसळत नाही, आडवा होतो. पण हा आक्षेप माणसाच्या पोटाचा झाला. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात घोड्यांना खुराक म्हणून शेंगांचे दाणे घालत, नि असा घोडा तबेल्यात ठरत नसे, असं या वाक्प्रचाराचं नेहमीचं स्पष्टीकरण आहे. अमेरिकेत हाच मान ओटला मिळाला, तोही घोड्यामुळंच. आपल्या हुलग्यालाही इंग्रजीत घोड्याचंच धान्य म्हणतात; आपण त्याचं माडगं करून सर्दीला पितो, हा भाग वेगळा.

तेव्हा मराठीत खरा शब्द ‘उत्साही’ नव्हे, ‘चंदी चढलेला’. चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. कुणी म्हणेल, मग ‘माजलेला’ काय वाईट? वाईट एवढंच, की प्रगतिपुस्तकात तो शेरा आला तर पालक शाळेत येतील. मराठीला दुसऱ्याच्या अंगातली रग फारशी बघवत नाही. ‘खाऊन माजावं, टाकून माजू नये’ म्हणताना ती माजाला परवानगी देते, पण ताट तपासून. अमेरिकेतला दुसरा अर्थ आडवा येईल, हेही खरं. तिकडं ‘फुल ऑफ बीन्स’ म्हणजे काहीच्या बाही बोलणाराही होतो. त्यात आपल्याला नवल नको. आपणही माणसाला हरभऱ्याच्याच झाडावर चढवतो, आणि ते झाड जेमतेम गुडघ्याएवढं.

उरला सोयाबीनचा मुद्दा. त्यातलं तेल काढून घेतल्यावर राहिलेली पेंड कोंबडीखाद्यात जाते. शब्दाला शब्द लावायचाच, तर आजचा ‘फुल ऑफ बीन्स’ प्राणी म्हणजे ब्रॉयलर कोंबडी. तिला ढोसललं तरी ती फार तर जागा बदलते.