चीनमार्गे जत

प्रगती बघायला प्राध्यापकांना लांब जावं लागतं. मागासलेपण मात्र घरपोच मिळतं. जतमध्ये अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला 'प्रादेशिक असमतोल' हे प्रकरण पुस्तकातून समजावण्याची गरजच नाही. जिल्हा एकच, सांगली. वाळव्याकडे कृष्णाकाठी ऊस डुलतो आणि जतमधून तोच ऊस तोडायला बिऱ्हाडं निघतात. वर्गातली काही बाकं तेव्हा रिकामी होतात. धडा संपला.

तरी चीनचा अभ्यास दौरा निघाला की स्टाफरूममध्ये चैतन्य येतं. पासपोर्टच्या तारखा तपासल्या जातात, कडक भाकरी आणि शेंगांची चटणी किती दिवस टिकते यावर गंभीर चर्चा झडते. अहवाल तर जाण्याआधीच अर्धा तयार असतो: रस्ते, स्वच्छता आणि 'तिथली शिस्त'. शेन्झेनसमोर फोटोही ठरलेला. 1980 मध्ये तिथं विशेष आर्थिक क्षेत्र झालं. आज दीड कोटीहून अधिक माणसं राहतात. किनाऱ्याला आधी श्रीमंत होऊ द्यायचं, आतल्या प्रांतांचं नंतर बघू, असं ते धोरणच होतं. आपल्याकडेही काठावरचेच आधी श्रीमंत झाले. फक्त तसं कुणी जाहीर केलं नव्हतं.

मला कुणी पाठवलंच, तर मी यांगत्सेचं पाणी उत्तरेला नेणारा पूर्वेकडचा कालवा बघेन. तिथं 13 टप्प्यांत पंपांनी पाणी वर चढवतात. 2013 पासून ते वाहतंय. म्हणजे म्हैसाळ योजनेची थोरली बहीणच! आमच्याकडेही कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं उचलतात. बिल थकलं की पंप गप्प. त्यामुळं जतचा शेतकरी तिथं उभा राहिला तर उंची, लांबी काही विचारणार नाही. त्याचा पहिला प्रश्न, "लाईट बिल कोण भरतंय?" हा प्रश्न एकाही अहवालात सापडायचा नाही.

पण चिनी प्राध्यापकांनीही एकदा जतला यावं. पाण्यासाठी इथल्या सीमेवरच्या गावांनी कर्नाटकात जायचे ठराव केले. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी त्यांचा आधार घेऊन तालुक्यावर हक्क सांगितला आणि मुंबईला जत एकदम आठवलं. वंचित गावांसाठीच्या विस्तारित म्हैसाळ योजनेची फाईल पळायला लागली. शेजारच्या प्रांतात जायची धमकी देऊन पाणी मागण्याची सोय चीनमधल्या तालुक्याला नाही. पाणी उत्तरेला नेणाऱ्या तिथल्याच योजनेच्या मधल्या मार्गासाठी दानच्यांगखौ धरणाची उंची वाढवली, तेव्हा तीन लाखांवर माणसांची घरं उठली आणि 2014 च्या डिसेंबरात पाणी बीजिंगकडं निघालं. आपल्याकडं पाणी उशिरा येतं, पण भांडायला जागा असते.

म्हणून दौऱ्यावर जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: फोटो भरपूर काढा, भाकरीही न्या; पण अहवालात दोन रकाने वाढवा. पाणी आधी कुणाला मिळालं, आणि त्याची किंमत कुणी मोजली. ते भरता येत नसतील, तर तो दौरा सहल म्हणून नोंदवावा.